तो पंधरावा पॉइंट तुमचाच होता

"ताई, नमस्कार. मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते, वय ३८. आमच्या सोसायटीत क्लब हाउसच्या मागे बॅडमिंटन कोर्ट आहे, उघड्यावरच, वर छप्पर नाही. दिवाळीनंतर मी आणि माझी बारा वर्षांची मुलगी सकाळी तिथे जायला लागलो. फूल पलीकडे जायला लागलंय, मजा येते, पण रूल्स कुणी धड शिकवले नाहीत, खेळता खेळता कानावर पडलं तेवढंच येतं. गेल्या रविवारी मी आणि मुलगी एका बाजूला, समोर सोसायटीतले एक काका, साठीचे, तीस वर्षं खेळतात ते, आणि सहाव्या मजल्यावरचा एक दादा. आम्ही चक्क १४-१३ ने पुढे होतो. मी डावीकडून सर्व्हिस केली, मोठी रॅली झाली, पॉइंट आम्हाला मिळाला. मग काका म्हणाले, तू चुकीच्या साइडने सर्व्हिस केलीस, फाउल आहे, पॉइंट आमचा, १४-१४. मुलगी म्हणाली असं कसं, रॅली तर आपण जिंकलो. काका म्हणाले, आधी रूल शिकून ये मग बोल. ती रॅकेट बाकावर ठेवून घरी निघून गेली, आज आठ दिवस झाले कोर्टवर पाऊल टाकलं नाही. माझी चूक असेल तर मी शंभर वेळा कबूल करीन, पण चूक होती का, केवढी होती, हेच मला कळत नाही. शिवाय सर्व्हिस नेटला लागून गेली की काही जण परत करायला लावतात, कमरेच्या वर मारली म्हणून कुणी ओरडतं, डबल्समध्ये कोण कुठे उभं राहायचं यावर तर रोजच वाद. प्लीज एकदा नीट सांगा. नाव छापू नका."

मैत्रिणी, सगळ्यात आधी लेकीला जवळ बसव आणि हे वाचून दाखव, की तो पॉइंट तुमचाच होता. १५-१३. साइड तुझी चुकली होती हे खरं, १४ हा सम आकडा आहे, सर्व्हिस उजवीकडून व्हायला हवी होती. पण चुकीच्या साइडने सर्व्हिस केली म्हणून पॉइंट जात नाही. रूल असा आहे की उभं राहायची जागा किंवा सर्व्हिसची पाळी चुकली आणि ते नंतर लक्षात आलं, तर तिथून पुढे दुरुस्त करायचं आणि जो स्कोअर झालाय तो तसाच ठेवायचा. म्हणजे काकांनी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की अगं मागची उजवीकडून हवी होती, आता १५ झाले, १५ विषम, आता डावीकडून कर. संपलं. ना पॉइंट कापायचा, ना समोरच्याला द्यायचा.

काकांवर रागावू नकोस मात्र, कारण मला वाटतं त्यांच्या डोक्यात जुने रूल्स आहेत. २००६ पर्यंत बॅडमिंटन वेगळं खेळलं जायचं. गेम १५ चा असायचा, ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळायचा, दुसऱ्याने रॅली जिंकली तर त्याला फक्त सर्व्हिस मिळायची, आणि डबल्समध्ये एका बाजूच्या दोघांना एकेक सर्व्हिस असायची, पहिला हँड, दुसरा हँड. तेव्हा चुकीच्या साइडने सर्व्हिस करून रॅली जिंकली आणि ते लगेच लक्षात आलं तर ती रॅली परत खेळवायचे. (तेव्हासुद्धा पॉइंट समोरच्याला जायचा नाही बरं का.) ज्यांनी तीस वर्षांपूर्वी खेळायला सुरुवात केली त्यांच्या हातात तोच खेळ बसलाय, आणि नाशकात आजही सकाळच्या ग्रुपमध्ये अर्धे लोक २१ चा गेम खेळतात पण भांडतात मात्र १५ च्या रूलने. तुमच्याकडच्या निम्म्या वादांचं मूळ इथेच असणार, तू बघ.

आता मला तुला जी एक गोष्ट खरंच सांगायचीय ती सांगते, बाकीचं सगळं तिच्या मागून येतं. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी स्कोअर मोठ्याने बोलायचा. स्वतःचा आधी, समोरच्याचा नंतर. मनातल्या मनात नाही, समोरच्या बेसलाइनवर, म्हणजे अगदी मागच्या रेषेवर, उभ्या माणसाला ऐकू जाईल एवढा. बॅडमिंटनमध्ये स्कोअर म्हणजे नुसता हिशोब नाही, कोणी सर्व्हिस करायची, कुठल्या बाजूने करायची, कुणाला करायची हे सगळं तो स्कोअरच सांगतो. तू त्या दिवशी "चौदा-तेरा" असं जोरात म्हणाली असतीस तर चौदा म्हटल्याबरोबर तुझ्याच लक्षात आलं असतं की सम आहे, उजवीकडे जा, आणि तुझ्या नाही आलं तर काकांच्या आलं असतं, सर्व्हिस व्हायच्या आधी. मी शाळेत असताना एका स्पर्धेत पहिल्यांदा उतरले तेव्हा मधेच पंचांनी मला स्कोअर विचारला आणि मला सांगता आला नाही, पाय लटपटायला लागले, पुढचे चार पॉइंट असेच गेले. तेव्हापासून आजपर्यंत मी सर्व्हिसच्या आधी स्कोअर बोलल्याशिवाय फुलाला रॅकेट लावत नाही, रविवारी ज्या मुलांना शिकवते त्यांनाही रॅकेट कशी धरायची याच्या आधी हेच शिकवते.

तर आता स्कोअरपासूनच सुरू करू. एक गेम २१ चा, तीनपैकी दोन जिंकले की मॅच. रॅली जो जिंकेल त्याला पॉइंट, सर्व्हिस कुणाचीही असो, आणि जो पॉइंट जिंकला पुढची सर्व्हिस त्याची. २०-२० झाले तर दोनचा फरक पडेपर्यंत खेळायचं, २२-२०, २३-२१ असं, पण ते कायम चालत नाही, २९-२९ झाले की पुढचा एक पॉइंट जो घेईल तो जिंकला, ३०-२९. कुणाचे तरी ११ झाले की एक मिनिटाचा ब्रेक, दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं. गेम संपला की बाजू बदलायच्या, आणि तिसरा गेम लागला तर त्यात ११ ला परत बदलायच्या. ही शेवटची गोष्ट सोसायटीत कुणी पाळत नाही आणि उघड्या कोर्टवर तर तीच सगळ्यात जास्त पाळायला हवी, कारण एका बाजूला सकाळचं ऊन डोळ्यात येतं, वारा एकाच बाजूने असतो.

सिंगल्स सोपं आहे. तुझा स्वतःचा स्कोअर सम असेल, शून्य धरून, तर उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून, आणि सर्व्हिस नेहमी तिरकी, समोरच्या तिरक्या चौकोनात. समोरचा पण त्याप्रमाणेच उभा राहतो. झालं सिंगल्स.

डबल्सचं जरा निवांत वाच, चहा घेऊन बस, आणि जमलं तर टेबलावर चार वाट्या मांड, मी मुलांना तसंच शिकवते, दोन स्टीलच्या दोन काचेच्या. समज गेम सुरू झालाय. तुमच्या बाजूला उजवीकडे तू, डावीकडे लेक. समोर त्यांच्या उजवीकडे काका, डावीकडे दादा. शून्य-शून्य, म्हणजे लव्ह ऑल, तू उजवीकडून सर्व्हिस केलीस, तिरकी, ती काकांना गेली. रॅली तुम्ही जिंकलात, १-०. आता तू आणि लेक जागा बदला, तू डावीकडे गेलीस कारण १ विषम आहे, आणि परत तूच सर्व्हिस करायची, यावेळी दादाला. काका आणि दादा हलले का? नाही. ते जिथे होते तिथेच. ही रॅली तुम्ही हरलात, १-१, सर्व्हिस त्यांची. इथे बहुतेक ग्रुपमध्ये गोंधळ सुरू होतो, कुणी इकडे पळतं कुणी तिकडे. कुणीही हलायचं नाही. त्यांचा स्कोअर १, विषम, म्हणजे त्यांच्या डावीकडे जो उभा आहे तो सर्व्हिस करणार, म्हणजे दादा, आणि तिरक्यात तुमच्या डावीकडे तू आहेस म्हणून ती तुला येणार. ते जिंकले, त्यांचे २ तुमचा १. आता ते दोघं जागा बदलतील, दादा उजवीकडून सर्व्हिस करेल, तुमच्या उजवीकडे लेक आहे, तिला येईल, तुम्ही दोघी जागच्या जागी. लेकीने मस्त ड्रॉप टाकला, तुम्ही जिंकलात, २-२. परत कुणी हलायचं नाही. तुमचे २, सम, उजवीकडे कोण आहे? लेक. मग सर्व्हिस लेकीची, आणि त्यांच्या उजवीकडे आता दादा आहे म्हणून ती दादाला.

बघ, सगळं मिळून गोष्ट एवढीच आहे की जागा फक्त तेव्हा बदलायच्या जेव्हा सर्व्हिस तुमची होती आणि पॉइंट पण तुम्हीच घेतला. बाकी कधीच नाही. सर्व्हिस समोरून तुमच्याकडे आली की नुसता आपला स्कोअर बघायचा, सम असेल तर उजवीकडचा, विषम असेल तर डावीकडचा सर्व्हिस करतो. आणि ही जागेची बंधनं फक्त सर्व्हिसपुरती, एकदा सर्व्हिस घेतली गेली की दोघांनी कोर्टवर कुठेही पळावं, कुणीही मारावं. पण सर्व्हिस घ्यायची ज्याची पाळी आहे त्यानेच घ्यायची हं, पार्टनरने मध्ये रॅकेट घातली किंवा त्याच्या अंगाला फूल लागलं तर पॉइंट गेला. आणि एका बाजूला एकच सर्व्हिस, सेकंड हँड वगैरे आता नाही, कुणी म्हणालं तर शांतपणे सांग की ते २००६ ला संपलं.

आता कोर्टच्या रेषा, कारण तुमच्याकडे पेंट अर्धा उडालेला असणार, सगळ्या सोसायट्यांत तेच. पूर्ण कोर्ट १३.४० मीटर लांब, ६.१० मीटर रुंद, म्हणजे ४४ फूट बाय २० फूट. ही झाली डबल्सची रुंदी, सिंगल्सला दोन्ही कडेच्या पट्ट्या सोडायच्या, दीड दीड फूट, मग १७ फूट उरतं. नेटपासून साडेसहा फुटावर आडवी रेषा असते, सर्व्हिस त्या रेषेच्या अलीकडे पडली तर फाउल, रेषेवर पडली तर चालते. मागच्या बाजूला दोन आडव्या रेषा असतात आणि त्यांनी नवीन माणूस हमखास गोंधळतो. डबल्सला सर्व्हिस आतल्या रेषेपर्यंतच, ती शेवटच्या रेषेपासून अडीच फूट आत असते, पण सर्व्हिस झाल्यावर रॅलीत मात्र शेवटच्या रेषेपर्यंत सगळं कोर्ट मोकळं. सिंगल्सला सर्व्हिससुद्धा शेवटच्या रेषेपर्यंत. म्हणून आम्ही म्हणतो डबल्सची सर्व्हिस आखूड आणि रुंद, सिंगल्सची लांब आणि अरुंद. रेषेला जरासा जरी स्पर्श झाला तरी इन. नेट खांबापाशी १.५५ मीटर, मध्यात १.५२४, म्हणजे बरोबर पाच फूट. मधे नेट सैल पडून पोट सुटलेलं असतं बऱ्याच ठिकाणी, ते एकदा मोजून ताणून बांधा, फार फरक पडतो.

तुझा कमरेचा प्रश्न. आधी रूल होता की सर्व्हिस मारताना फूल कमरेच्या खाली हवं, आणि कंबर म्हणजे बरगडीचा सगळ्यात खालचा भाग जिथे येतो ती उंची. त्यावर वाद व्हायचे, उंच माणसाला फायदा व्हायचा, म्हणून २०१८ पासून मोठ्या स्पर्धांत ठरलेली उंची आली, रॅकेट लागते त्या क्षणी अख्खं फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं, सगळ्यांना सारखंच. सोसायटीत कोण मोजत बसणार, पण एक सोपा उपाय आहे, नेटच्या खांबावर वरून ४० सेंटिमीटर खाली मोजून इन्सुलेशन टेपची एक रंगीत पट्टी गुंडाळ. खांब १.५५ चा असेल तर ती पट्टी बरोबर १.१५ वर येते. मग कुणी ओरडलं तर तिच्याकडे बघायचं. लेकीची उंची बघता तिला तर ही काळजीच नाही. बाकी सर्व्हिसचं म्हणशील तर दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, सर्व्हिस होईपर्यंत उचलायचे किंवा सरकवायचे नाहीत, रेषेवर पाय नको, रॅकेट आधी फुलाच्या बुचाला लागली पाहिजे, पिसांना नाही, आणि एकदा हात पुढे न्यायला लागलीस की मधे थांबवून समोरच्याला फसवायचं नाही. सर्व्हिस करायला गेलीस आणि फूल हुकलंच, तर तोही फाउल, परत चान्स नाही. बऱ्याच ठिकाणी नवीन माणसाला एक चान्स देतात, द्यावा पण, फक्त तो तुम्ही आपसात ठरवलेला आहे हे माहीत असू दे.

नेटला लागून गेलेली सर्व्हिस. बरोबर चौकोनात पडली तर चांगली, खेळ चालू. परत करायची नाही. परत करायची सवय टेनिस आणि टेबल टेनिसवरून आलीय, तिथे अशा सर्व्हिसला लेट असतो, म्हणजे ती परत करतात, इथे तसं नाही. पण सर्व्हिस नेटच्या वरच्या पट्टीवर जाऊन अडकून बसली तर फाउल, आणि तेच रॅलीत झालं तर लेट, तो पॉइंट परत खेळायचा. हा फरक काकांनासुद्धा बहुतेक माहीत नसेल, मी पंचवीस वर्षं खेळतेय, मला पण तो फार उशिरा कळला.

रॅलीतले फाउल थोडक्यात सांगते कारण ते लवकर अंगवळणी पडतात. अंगाला, कपड्याला, केसाला फूल लागलं की पॉइंट गेला, मग तू कोर्टच्या बाहेर उभी असलीस आणि फूल आउट जात असलं तरी, म्हणून आउट जाणाऱ्या फुलाला हाताने थांबवायची सवय सोडायची, ते जमिनीवर पडू द्यायचं. रॅकेट किंवा अंग नेटला लागलं की फाउल. फूल नेटच्या पलीकडे असताना तिकडे रॅकेट नेऊन मारलं तर फाउल, पण आपल्या बाजूला मारून रॅकेट नुसती ओघात पलीकडे गेली तर चालतं, नेटला मात्र लागायला नको. एकाच बाजूने दोनदा मारणं फाउल, मग एकानेच दोनदा मारो की दोघांनी एकेकदा. रॅकेटच्या फ्रेमला लागून गेलं तर ते चांगलं, त्यावर भांडू नका. समोरचा मारत असताना मुद्दाम ओरडणं हाही फाउल आहे, हे मात्र सगळ्यांसमोर वाचून दाखव.

आणि आउट-इनचं काय, अंपायर नसतोच. ज्यांच्या कोर्टमध्ये फूल पडलं त्यांनी सांगायचं, आणि समोरच्याने ते मान्य करायचं. त्यांना स्वतःलाच नीट दिसलं नसेल तर पॉइंट परत खेळायचा. हे आम्ही सगळीकडे असंच पाळतो. वरून केबल जात असेल, झाडाची फांदी आत आलेली असेल, तर तिला लागलं की काय करायचं ते खेळायच्या आधीच ठरवा. हॉलमध्येसुद्धा छताला लागलं तर एरवी फाउल असतो पण छत बुटकं असेल तर तिथल्या लोकांना आपला रूल ठरवायची मुभा आहे, त्यामुळे तुम्ही फांदीला लेट धरला तर त्यात नियमबाह्य काही नाही. फक्त १४-१३ असताना ठरवायला बसू नका.

तुमचं कोर्ट उघडं आहे म्हणून फुलाबद्दल थोडं सांगते, रूल्समध्ये हा भाग कुणी विचारत नाही पण माझ्या मते नवीन माणसाचा अर्धा खेळ त्यावर असतो. पिसांचं फूल, सोळा पिसं, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, वाऱ्यात त्याचं काही खरं नाही. बाहेर नायलॉनचं वापरा, बुचावरची पट्टी बघून घ्या, हिरवी म्हणजे स्लो, निळी म्हणजे मिडियम, लाल म्हणजे फास्ट. आणि आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ, उन्हाळ्यात गरम हवेने अजूनच, म्हणून मे महिन्यात तेच फूल बेसलाइनच्या बाहेर जातं आणि आपल्याला वाटतं आपला हात बिघडला. थंडीत उलटं. डिसेंबर जानेवारीत निफाडकडे पारा खाली घसरतो तेव्हा आपल्याकडेही सकाळी सहाला तळहात बधिर असतात, फूल जडावल्यासारखं मधेच पडतं, कोरड्या हवेने पिसं काडीसारखी तुटतात. पिसांचं वापरायचं झालं, पुढे हॉल घेतलात तर, डब्यावर ७६, ७७ असे नंबर असतात, नंबर जितका लहान तितकं स्लो, उन्हाळ्यात ७६, कडक थंडीत ७७ घेऊन बघा. खेळायच्या आदल्या रात्री बॅरलच्या, म्हणजे फुलांच्या त्या लांब डब्याच्या, दोन्ही टोकांची झाकणं काढून पिसांच्या बाजूने किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरायचं, बुचाला वाफ लागू द्यायची नाही, मग झाकण लावून ठेवायचं. पिसं थोडी ओलावतात, सकाळी लवकर तुटत नाहीत. स्पीड बरोबर आहे का बघायची रीतही रूलबुकात आहे, मागच्या रेषेवर उभं राहून खालून पूर्ण जोर लावून सरळ वर-पुढे मारायचं, फूल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर ठीक. वाऱ्यात ही टेस्ट करू नका.

बूट मात्र चांगले घे, रॅकेटच्या आधी बूट. गम सोलचे, खाली सपाट. धावायच्या जाड सोलच्या बुटांवर बाजूला वळताना घोटा मुरगळतो, गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर चालायला ते छान आहेत, कोर्टवर नाहीत. लेकीच्या रॅकेटला तार २० ते २२ पौंडावरच ओढून घे, दुकानदार २६-२८ म्हणेल, नको.

आता काकांशी कसं बोलायचं. गेम चालू असताना मोबाईल काढून रूल दाखवू नकोस, ते चारचौघांत चूक ठरवल्यासारखं होतं आणि साठीच्या माणसाला ते लागतं, जसं तुझ्या लेकीला लागलं तसंच. खेळ सुरू व्हायच्या आधी, सगळे वॉर्म-अप करत असताना म्हण, काका, तुम्ही १५ चा गेम खेळलाय ना, तो पहिला हँड दुसरा हँड कसा असायचा हो? ते खुलतील बघ, अर्धा तास सांगतील. त्या पिढीने फार मनापासून खेळलाय हा खेळ, आपल्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ ला क्वालालंपूरला जाऊन स्पर्धा जिंकली, परदेशात बॅडमिंटनचं टायटल घेणारे ते पहिले भारतीय, काकांना ते नाव नक्की माहीत असेल, विचार. आणि हा खेळ तसाही आपल्या जवळचाच आहे, इंग्रज लष्करी अधिकारी पुण्यात खेळायचे म्हणून त्याला पूना म्हणायचे, बॅडमिंटन हे नाव नंतर इंग्लंडमधल्या एका वाड्यावरून पडलं. मग बोलण्याच्या ओघात म्हण, की काका आता साइड चुकली तर स्कोअर तसाच ठेवतात म्हणे, मी वाचलं, आपण पण तसंच करू या का. बहुतेक हो म्हणतील. नाही म्हणाले तर हे पत्र आणि उत्तर दोन्ही प्रिंट काढून क्लब हाउसच्या बोर्डवर लाव, नाव तर नाहीच आहे तुझं.

एक गोष्ट मात्र काकांना सांगायचीच, आणि ती तू आई म्हणून सांग, की मुलीला रूल शिकून ये म्हणालात, ते ठीक, ती शिकली, पण तिने विचारलेला प्रश्न बरोबर होता. बारा वर्षांची मुलगी मोठ्या माणसासमोर रॅली आपण जिंकलो ना असं म्हणते, तेव्हा तिचं लक्ष खेळात होतं, स्कोअरमध्ये होतं. मला अशी मुलं फार आवडतात. ती गप्प बसायला शिकली तर आपण सगळ्यांनी मिळून एक चांगली खेळाडू घरी बसवली असं होईल, आणि ते मला खरंच नकोय.

रविवारी तिला घेऊन जा. खेळ नको म्हणाली तर आग्रह करू नकोस, खांबाजवळ खुर्ची टाक, हातात वही दे आणि म्हण आज तू स्कोअर घे. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी तिने मोठ्याने स्कोअर सांगायचा आणि पुढे एक शब्द, उजवी किंवा डावी. काका असोत की दादा की तू, सगळ्यांनी तिचं ऐकून उभं राहायचं. टेपची पट्टी पण तिच्याच हाताने लावून घे, शाळेच्या पट्टीने ४० सेंटिमीटर मोजून. दुसऱ्या गेमला ती आपणहून रॅकेट उचलते का बघ, आणि उचलली तर पहिली सर्व्हिस तिला करू दे, उजवीकडून. काय झालं ते मला कळव, मी वाट बघतेय.